हिऱ्यातली खोट, चुंबकाचा नकाशा
(पुंजविश्व : लेखांक ६)

नोव्हेंबर २०२५मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या ‘एस्टिक’ विज्ञान परिषदेत एका सूक्ष्मदर्शकाची घोषणा झाली. आयआयटी मुंबईतल्या प्रा. कस्तुरी साहा यांच्या पी-क्वेस्ट गटाने घडवलेला हा देशातला पहिला स्वदेशी ‘क्वांटम डायमंड मायक्रोस्कोप’. डोळ्यांना न दिसणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचं चित्र तो काढतो, आणि ते क्षेत्र टिपण्याचं काम करते हिऱ्यातली खोट.

हिऱ्याच्या स्फटिकात कार्बनच्या एखाद्या अणूच्या जागी नायट्रोजन बसतो आणि त्याला लागून असलेली जागा रिकामी राहते. या जोडगोळीला ‘एनव्ही केंद्र’ म्हणतात. नायट्रोजनमुळे हिऱ्याला पिवळी झाक येते, म्हणून जवाहिऱ्याला तो नकोसा. प्रयोगशाळेत मात्र तो मुद्दाम पेरतात. हिरवा लेसर पडला की हे केंद्र तांबडं चमकतं. सोबत सूक्ष्मलहरी सोडून त्यांची वारंवारता बदलत नेली, तर २.८७ गिगाहर्ट्झपाशी चमक मंदावते, कारण तिथे केंद्रातल्या इलेक्ट्रॉनांचं स्पिन पालटतं. केंद्राच्या अक्षाच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र असेल तर चमकेतला हा एक खळगा दुभंगतो. एक भाग वर सरकतो, एक खाली. दर मायक्रोटेस्लामागे २८ किलोहर्ट्झ. म्हणजे क्षेत्र मोजायचं तर वारंवारता मोजायची, आणि वारंवारतेइतकी अचूक मोजता येणारी दुसरी राशी विज्ञानाकडे नाही. हे सारं खोलीच्या तापमानाला चालतं, द्रवरूप हेलियम लागत नाही.

असं एकटंदुकटं केंद्र १९९७मध्ये जर्मनीत प्रथम टिपलं गेलं. २००८मध्ये हार्वर्ड आणि श्टुटगार्ट इथल्या गटांनी त्याने चुंबकीय क्षेत्र मोजून दाखवलं. श्टुटगार्टच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते गोपालकृष्णन बालसुब्रमण्यन.

खरी कळ आहे अंतरात. सूक्ष्म चुंबकाचं क्षेत्र दूर जाताच झपाट्याने विरतं, त्यामुळे मोजणारा जितका जवळ, तितका तपशील बारीक. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गटाने हिऱ्याच्या टोकावर एकच केंद्र ठेवून ते क्रोमियम आयोडाइडच्या अणुजाड थरांवरून फिरवलं. २०१९मध्ये त्यांनी दाखवलं, की थरांची संख्या विषम असेल तर चुंबकत्व उरतं. सम असेल तर शेजारचे थर एकमेकांना पुसून टाकतात. अवघ्या काही अणूंच्या जाडीत घडणारी ही वजाबाकी सरळ मोजली गेली, ही या तंत्राची मोठी कमाई.

मुंबईच्या उपकरणाची रीत वेगळी. त्यात हिऱ्याच्या पृष्ठभागालगत अशा केंद्रांचा थर असतो आणि त्या सगळ्यांची चमक कॅमेरा एकदम टिपतो. तपशील प्रकाशाच्या मर्यादेत, साधारण मायक्रॉनच्या आसपास अडतो. पण बदलतं क्षेत्र बदलत असतानाच पाहता येतं. एका सेकंदाच्या आतल्या बदलांचं असं चित्रण या गटाने २०२२मध्ये प्रसिद्ध केलं होतं. चिपउद्योगाला याचं मोल मोठं. एकावर एक थर रचलेल्या चिपमध्ये आतली तार डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यातल्या विजेचं चुंबकीय क्षेत्र बाहेर येतं. चिप न फोडता दोष शोधण्यासाठी नोव्हेंबर २०२४मध्ये टीसीएस आणि आयआयटी मुंबई एकत्र आल्या, त्या यासाठीच.

६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत संवेदनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, पदार्थ आणि उपकरणांचं आयआयटी दिल्लीकडे. ही वाटणी कामाच्या सोयीची आहे, पण तिची भिंत होता कामा नये. दिल्लीत वाढवलेल्या पातळ चुंबकीय थराची पारख मुंबईच्या हिऱ्याखाली व्हायला हवी, तीही थर अजून प्रयोगाच्या टेबलावर असताना.