गूगल रीडर

गूगल रीडर ही वेगवेगळ्या संकेतस्थळांवरील आणि ब्लॉगांवरील नवा मजकूर एकाच ठिकाणी वाचण्यासाठी गूगल कंपनीने चालवलेली विनामूल्य सेवा होती. ती ७ ऑक्टोबर २००५ रोजी सुरू झाली व १ जुलै २०१३ रोजी बंद करण्यात आली. सेवा बंद होण्याच्या सुमारे दीड वर्ष आधी तिच्यातील वाचकांच्या परस्परसंवादाच्या सोयी काढून टाकण्यात आल्या होत्या. त्यामुळे या सेवेच्या इतिहासात वापरकर्त्यांच्या नाराजीचे दोन वेगळे प्रसंग आढळतात. वाचनाची सवय एका खाजगी कंपनीच्या साधनावर अवलंबून राहिल्यास काय घडते, याचे उदाहरण म्हणून गूगल रीडरचा उल्लेख आजही केला जातो.

पार्श्वभूमी

ब्लॉग हे वर्तमानपत्राप्रमाणे ठरलेल्या वेळी प्रसिद्ध होत नाहीत. एखादा लेखक दिवसातून दोनदा लिहितो, तर दुसरा चार महिन्यांतून एकदा. नवे काही आले आहे का, हे पाहण्यासाठी प्रत्येक ब्लॉग रोज उघडणे वाचकाला शक्य नसते. ही अडचण फीडमुळे दूर झाली. फीड म्हणजे संकेतस्थळाने आपोआप तयार केलेली, ताज्या लेखांची शीर्षके, दुवे आणि मजकूर असलेली यंत्राला वाचता येईल अशी यादी. आरएसएस हे फीडचे सर्वांत प्रचलित स्वरूप असून त्याची पहिली आवृत्ती नेटस्केप कंपनीने १९९९ मध्ये काढली. पुढे डेव्ह वायनर यांनी २००२ मध्ये आरएसएस २.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. हे स्वरूप खुले आहे. कोणीही फीड प्रसिद्ध करू शकतो आणि कोणीही ती वाचणारे साधन तयार करू शकतो.

अशी साधने गूगलच्या आधीही होती. २००३ मध्ये सुरू झालेली ब्लॉगलाइन्स ही त्यांतील एक लोकप्रिय सेवा होती. गूगल रीडरची मूळ कल्पना ख्रिस वेदरेल या अभियंत्याची. गूगल लॅब्जमधील प्रयोग म्हणून सुरू झालेल्या या सेवेने सप्टेंबर २००७ मध्ये प्रायोगिक अवस्था ओलांडली.

स्वरूप

वापरकर्ता आपल्या आवडीच्या स्थळांच्या फीड रीडरमध्ये जोडत असे. त्यानंतर नवे लेख टपालपेटीतील पत्रांप्रमाणे जमा होत. न वाचलेल्या लेखांचा आकडा बाजूला दिसे आणि तो हजाराच्या पुढे गेला की केवळ ‘१०००+’ असे दाखवले जाई. ‘जे’ व ‘के’ या कळांनी पुढचा-मागचा लेख उघडता येत असे. ही सवय इतकी रुळली की नंतरच्या अनेक साधनांनी त्याच कळा कायम ठेवल्या.

सेवेचे फारसे लक्षात न येणारे वैशिष्ट्य म्हणजे तिचा साठा. फीडमध्ये सामान्यतः शेवटचे दहा-वीस लेखच असतात. रीडरने मात्र वर्षानुवर्षे गोळा केलेले जुने लेखही आपल्या सर्व्हरवर जपून ठेवले होते. मूळ ब्लॉग पुसला गेला तरी त्यातील मजकूर अनेकदा येथे वाचता येई.

मराठीत युनिकोडचा वापर रुळल्यानंतर बहुतांश ब्लॉग ब्लॉगर आणि वर्डप्रेस या सेवांवर लिहिले गेले. या दोन्ही सेवा लेखकाला काहीही न करता फीड तयार करून देतात. त्यामुळे क्वचितच लिहिणाऱ्या मराठी लेखकाचा नवा लेखही अशा साधनातून वाचकापर्यंत आपसूक पोहोचू शकत असे.

सामायिक वाचन आणि २०११ मधील बदल

आवडलेला लेख एका कळीने परिचितांपर्यंत पोहोचवण्याची सोय रीडरमध्ये होती. डिसेंबर २००७ मध्ये असे लेख गूगलवर गप्पा मारणाऱ्या सर्व संपर्कांना आपोआप दिसू लागले, तेव्हा खाजगीपणाच्या मुद्द्यावरून टीका झाली. पुढे टिप्पणीची सोय आली आणि लहान-लहान वाचकगट तयार झाले. येथे चर्चेची सुरुवात स्वतःबद्दलच्या बातमीने नव्हे, तर कोणीतरी वाचलेल्या लेखाने होई; म्हणूनच अनेकांना ही जागा इतर समाजमाध्यमांपेक्षा वेगळी वाटे.

इराणमध्ये या सोयीला आणखी एक अर्थ होता. तेथे अनेक संकेतस्थळांवर बंदी होती, परंतु रीडरमधून त्यांचा मजकूर गूगलच्या पत्त्यावरूनच दिसत असल्याने तो वाचता व वाटून घेता येई.

२०११ च्या मध्यास गूगलने गूगल प्लस हे समाजमाध्यम सुरू केले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस रीडरमधील अनुसरण, सामायिक यादी व टिप्पण्या काढून त्यांच्या जागी गूगल प्लसचे बटण बसवण्यात आले. इराणी वापरकर्त्यांनी निषेध नोंदवला. वॉशिंग्टन येथील गूगलच्या कार्यालयासमोर काही वापरकर्त्यांनी छोटे निदर्शनही केले. निर्णय बदलला नाही. ज्या गूगल प्लससाठी हे वाचकगट मोडले गेले, ते सामान्य वापरकर्त्यांसाठी २ एप्रिल २०१९ रोजी बंद झाले.

समाप्ती

१३ मार्च २०१३ रोजी गूगलने रीडर बंद करण्याची घोषणा केली. वापर घटत आहे आणि कंपनीला मोजक्याच उत्पादनांवर लक्ष द्यायचे आहे, ही कारणे देण्यात आली. वापरकर्त्यांचा आकडा त्या निवेदनात नव्हता. घटत्या वापराचे कारण ग्राह्य धरले, तरी समाजाभिमुख सोयी काढून टाकल्यानंतर वाचक कमी होणे अनपेक्षित म्हणता येत नाही. सेवा चालू ठेवावी अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर १ लाखाहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या.

वापरकर्त्यांना आपल्या फीडची यादी उतरवून घेण्यासाठी १५ जुलै २०१३ पर्यंत मुदत मिळाली. ही यादी इतर साधनांत सहज भरता येई, कारण तिचे स्वरूपही खुले होते. मात्र यादी म्हणजे केवळ पत्ते. जपलेला जुना मजकूर त्यात नव्हता, आणि पुसल्या गेलेल्या ब्लॉगांच्या बाबतीत तोच महत्त्वाचा होता. आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटाने सेवा बंद होण्यापूर्वी या साठ्याचा मोठा भाग उतरवून घेतला.

नुकसान केवळ रीडरच्या पानावर वाचणाऱ्यांचे झाले नाही. भ्रमणध्वनी व संगणकावरील अनेक स्वतंत्र वाचन-ॲप, कोणता लेख वाचून झाला आहे याची नोंद रीडरच्याच सर्व्हरवर ठेवत होते. गूगलच्या विनामूल्य सेवेपुढे स्वतःची यंत्रणा उभारण्याची गरज त्यांना वाटली नव्हती. ती त्यांना आता काही महिन्यांत शोधावी लागली.

नंतरचा काळ

घोषणेनंतरच्या ४८ तासांत ५ लाख नवे वापरकर्ते आल्याचे फीडली या सेवेने जाहीर केले. न्यूजब्लर आणि द ओल्ड रीडर या लहान सेवांवर अचानक भार पडला. यांपैकी ‘द ओल्ड रीडर’ ही २०११ पूर्वीच्या सामायिक वाचनाच्या सोयी परत मिळाव्यात म्हणूनच तयार झाली होती. डिग कंपनीनेही जून २०१३ मध्ये पर्यायी सेवा आणली. ती मार्च २०१८ मध्ये बंद झाली.

आरएसएस मात्र संपले नाही. ब्लॉगर व वर्डप्रेसवरील ब्लॉगांची फीड आजही तयार होते आणि पॉडकास्टचे वितरण मुख्यतः याच स्वरूपातून चालते. मे २०२१ मध्ये गूगलने क्रोम न्याहाळकात संकेतस्थळांचे अनुसरण करण्याची प्रायोगिक सोय जाहीर केली, तीही आरएसएसवर आधारलेली होती.