मरणोत्तर प्रजनन : प्रश्न संमतीचा

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये चेन्नईतील अड्यार येथे कर्करोग संस्था सुरू झाली, तेव्हा रुग्णाचे प्राण वाचविणे हीच मुख्य चिंता होती. आज अनेक तरुण रुग्ण बरे होतात. त्यामुळे त्यांच्या भावी कौटुंबिक जीवनाचाही विचार करावा लागतो. केमोथेरपीमुळे प्रजननक्षमता नष्ट होण्याचा संभव असल्याने उपचारांपूर्वी वीर्य गोठवून ठेवले जाते. परंतु रुग्ण दगावल्यास त्या वीर्यावर अधिकार कोणाचा?

पुण्यातील एका तरुणाने २०१३ मध्ये जर्मनीत वीर्य साठविले होते व त्याच्या वापराचा अधिकार आई आणि बहिणीस दिला होता. २०१६ मध्ये त्याचे निधन झाले; २०१८ मध्ये सरोगसीद्वारे जुळी अपत्ये जन्मली. मुंबईतील प्रकरण याच्या उलट आहे. २०२५ मध्ये निधन पावलेल्या एका अविवाहित तरुणाने मृत्यूनंतर वीर्य नष्ट करण्याचा पर्याय संमतिपत्रात निवडला होता. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. निकालापूर्वीच वीर्य नष्ट झाल्यास याचिका निरर्थक ठरेल, म्हणून जून २०२५ मध्ये न्यायालयाने ते जतन करण्याचा अंतरिम आदेश दिला.

अशा बाबतीत न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. कोलकाता उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मृत मुलाच्या वीर्यावरील पित्याचा दावा फेटाळून पत्नीचा अधिकार मान्य केला. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये अविवाहित मृताचे वीर्य आईवडिलांना देण्याचा आदेश दिला. संमती सिद्ध होत असल्यास मरणोत्तर प्रजननास भारतीय कायद्यात मनाई नाही, असे न्यायालयाने म्हटले.

जानेवारी २०२२ पासून अमलात आलेला सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ लेखी संमती अनिवार्य मानतो. तथापि, अविवाहित मृताच्या साठविलेल्या वीर्याबाबत त्यात स्पष्ट तरतूद नाही. सरोगसी (नियमन) कायद्यानुसार पात्र विवाहित जोडपे, तसेच ३५ ते ४५ वर्षे वयाची विधवा किंवा घटस्फोटिता यांनाच सरोगसीची मुभा आहे. आजीआजोबांचा त्यात समावेश नाही.

नैतिकदृष्ट्या येथे तीन हितसंबंध समोर येतात : मृताची इच्छा, शोकाकुल कुटुंबाची आशा आणि जन्मास येणाऱ्या बालकाचे कल्याण. यांपैकी मृताला पुन्हा विचारता येत नाही आणि बालकाला आधी विचारता येत नाही. म्हणूनच वीर्य साठवितानाच 'मृत्यूनंतर काय करावे, आणि कोणी?' हा प्रश्न रुग्णास स्वतंत्रपणे, समुपदेशनासह विचारला जाणे आवश्यक आहे. तेथे दिलेले उत्तर हाच त्याचा अखेरचा शब्द असतो.