कॅमेरा जोडला, पण फोटो दिसेनात!

साधारण २००५ ते २०१५ या काळात आपल्या घरांतले कितीतरी निकाह, वलीमे, अकीके आणि हजला निघालेल्यांचे निरोप छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांत टिपले गेले. मोबाईलचे कॅमेरे तेव्हा आजच्यासारखे चांगले नव्हते. कुणाचा भाऊ सौदीहून किंवा कुवेतहून येताना कॅनन, निकॉन नाहीतर सोनीचा कॅमेरा घेऊन यायचा आणि मग खानदानातल्या प्रत्येक कार्यक्रमात तो फिरायचा. पुढे हातात चांगले मोबाईल आले आणि कॅमेरा कपाटात गेला.

त्याची आठवण होते ती घरातले कुणी मोठे माणूस अल्लाहच्या वाटेला निघून गेल्यावर. दादींचा ईदच्या दिवशीचा फोटो, अब्बांचा आवाज असलेला छोटासा व्हिडिओ त्यात असेल, असे सगळ्यांना वाटते. मग कॅमेरा बाहेर निघतो, केबल शोधली जाते, कॉम्प्युटरला जोडली जाते आणि कॉम्प्युटर काहीच दाखवत नाही. फोटो काढावेत की नाहीत याबद्दल घराघरांत वेगवेगळी मते आहेत, पण जे फोटो आहेत ते जपावेत आणि परक्यांच्या हाती पडू नयेत, याबद्दल मात्र कुणाचे दुमत नसावे.

अशा वेळी घाईघाईत दोन गोष्टी होतात. एक, कुणीतरी स्क्रीनवर आलेले ‘फॉरमॅट’चे बटण दाबतो. दोन, कॅमेरा कार्डासकट एखाद्या अनोळखी दुकानात देऊन टाकला जातो. दोन्ही टाळता येतात, कारण बहुतेक वेळा बिघाड अगदी साधा असतो आणि तो घरी बसून सापडतो.

फोटो कॅमेऱ्यात नसतात, कार्डात असतात

कॅमेरा बंद पडला म्हणजे फोटो गेले, असे समजू नका. फोटो असतात ते नखाएवढ्या किंवा टपाल तिकिटाएवढ्या मेमरी कार्डात. कॅमेरा कायमचा बिघडला तरी कार्ड शाबूत असू शकते.

काही कॅमेऱ्यांत मात्र थोडी जागा आतही असते. कार्डात फोटो सापडले नाहीत, तर कॅमेरा बंद करून कार्ड काढा, पुन्हा चालू करा आणि फोटो पाहायचे बटण दाबा. आतल्या जागेतले जुने फोटो असतील तर दिसतील. अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत ‘कॉपी’ असा पर्याय असतो. त्याने ते फोटो कार्डावर घेता येतात. त्यासाठी शक्यतो वेगळे, रिकामे कार्ड वापरा.

आधी हे तपासा

बॅटरी : कित्येक वर्षे पडून राहिलेली बॅटरी उतरलेली असते. ती पूर्ण चार्ज करा. अर्धवट बॅटरीवर कॅमेरा मध्येच बंद पडतो आणि जोडणी तुटते. बॅटरी फुगलेली दिसली तर ती वापरू नका, चार्जही करू नका. कॅमेऱ्याने तारीख-वेळ विचारली तर घाबरू नका. त्याने फोटो पुसले जात नाहीत.

केबल : सर्वांत जास्त वेळा दोष इथेच असतो. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या आणि दोन माहिती नेणाऱ्या. काही स्वस्त चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. अशी केबल लावली की चार्जिंग होते, पण कॉम्प्युटरला कॅमेरा दिसतच नाही. जी केबल मोबाईलचे फोटो कॉम्प्युटरवर घेते, ती चांगली समजावी. कॅमेऱ्याचे तोंड जुन्या पद्धतीचे, म्हणजे मिनी यूएसबीचे असेल, तर मोबाईलची केबल त्यात बसणार नाही; ती जोराने घुसवू नका. निकॉन, ऑलिंपस, पॅनासॉनिक यांच्या काही कॅमेऱ्यांना वेगळ्याच आकाराची केबल लागते.

कॅमेऱ्याची सेटिंग : केबल लावल्यावर कॅमेरा चालू करावा लागतो, हे बऱ्याचदा विसरले जाते. काही कॅमेरे फोटो काढण्याच्या स्थितीत कॉम्प्युटरशी बोलत नाहीत; त्यांना फोटो पाहण्याच्या स्थितीत न्यावे लागते. वाय-फाय असलेल्या कॅमेऱ्यात ते बंद करा, कारण काही मॉडेलमध्ये वाय-फाय चालू असताना केबलची जोडणी चालत नाही. मेनूत ‘यूएसबी’ असा पर्याय असेल तर तो उघडून पाहा. तिथे ‘प्रिंट’ निवडलेले असेल तर कॅमेरा प्रिंटरची वाट पाहत बसतो. ‘पीटीपी’ आणि ‘मास स्टोरेज’ असे दोन पर्याय असतील तर एकाने काम झाले नाही की दुसरा वापरून बघा.

कॉम्प्युटर : केबल दुसऱ्या तोंडाला लावून पाहा. टेबलावरचा कॉम्प्युटर असेल तर मागच्या बाजूचे तोंड वापरा आणि मध्ये जोडणीचा डबा, म्हणजे हब, ठेवू नका. कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा. खिडकी आपोआप उघडली नाही म्हणजे कॅमेरा सापडलाच नाही, असे नाही. ‘धिस पीसी’ उघडा आणि तिथे कॅमेऱ्याचे नाव किंवा नवीन ड्राइव्ह दिसते का पाहा. त्यात ‘डीसीआयएम’ नावाचे फोल्डर असते. जवळपास सर्व कंपन्यांचे कॅमेरे फोटो त्यातच ठेवतात. तरीही काही दिसले नाही तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. तिथे पिवळी खूण असलेले किंवा अनोळखी उपकरण दिसले, तर त्यावर उजवी कळ दाबून ते ‘अनइन्स्टॉल’ करा, केबल काढा आणि पुन्हा लावा. विंडोज त्याची ओळख नव्याने करून घेते.

केबल सोडा, कार्ड काढा

इतके करूनही जमले नाही तर केबलचा नाद सोडा. कॅमेरा बंद करा, कार्ड काढा आणि ते कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावा. रीडर ही अंगठ्याएवढी स्वस्त वस्तू आहे. बऱ्याच लॅपटॉपला कार्डाची जागा आधीच असते. घरात कॉम्प्युटर नसेल तर ओटीजी जोडणीने हाच रीडर मोबाईललाही लावता येतो.

इथे कार्डाची जात पाहून घ्या. साधे एसडी कार्ड १९९९ मध्ये आले आणि ते २ जीबीपर्यंतचे असते. २००६ पासून एसडीएचसी आले, ते ३२ जीबीपर्यंतचे. २००९ पासून त्याहून मोठे एसडीएक्ससी आले. तिन्ही दिसायला सारखीच, पण जुना रीडर नवे कार्ड वाचत नाही. नवा रीडर मात्र जुनी कार्डेही वाचतो, म्हणून घ्यायचाच तर नवा घ्या. सोनीचे जुने कॅमेरे मेमरी स्टिक वापरत. ऑलिंपस आणि फुजीफिल्मचे काही जुने कॅमेरे एक्सडी कार्ड वापरत. त्यांच्यासाठी ती नावे लिहिलेला रीडरच लागतो.

कार्ड घालण्यापूर्वी त्याच्या डाव्या कडेची बारीकशी कळ खाली, ‘लॉक’कडे सरकवा. मग त्यावरचा फोटो चुकून पुसला जाण्याची भीती राहत नाही. सोनेरी पट्ट्या मळलेल्या असतील तर कोरड्या, स्वच्छ कापडाने हलकेच पुसा.

‘फॉरमॅट करायचे का?’ नाही म्हणा

कधी कधी कार्ड लावताच कॉम्प्युटर सांगतो की हे वापरण्याआधी फॉरमॅट करावे लागेल. याचा अर्थ एवढाच की कार्डातली यादी त्याला वाचता येत नाही. फोटो तरीही जागेवर असू शकतात. ‘कॅन्सल’ दाबा, कार्ड काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्या रीडरमध्ये घालून पाहा.

कार्ड कुठेच वाचले जात नसेल किंवा फोटो चुकून पुसले गेले असतील, तर एकच गोष्ट लक्षात ठेवा : त्या कार्डावर यापुढे एकही नवा फोटो काढू नका. फोटो पुसला की बहुतेक वेळा यादीतले त्याचे नाव जाते. चित्र कार्डात तसेच पडून असते. त्याच जागेवर नवीन काही लिहिले गेले की मग ते कायमचे जाते. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम असे पडून असलेले फोटो शोधून काढतो. सापडलेले फोटो मात्र कॉम्प्युटरवर उतरवावेत, त्याच कार्डावर कधीही नाही.

कार्ड ही अमानत आहे

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. पुसलेले फोटो आपल्याला परत मिळतात, तसे ते दुसऱ्यालाही मिळतात. ज्या कार्डात घरच्या बाया-मुलींचे मेहंदीचे, हळदीचे फोटो आहेत, ते ‘पुसले आहे’ म्हणून जुन्या कॅमेऱ्यासोबत विकू नका किंवा कुणाला देऊ नका. कॅमेरा विकला तरी कार्ड आपल्याकडे ठेवा.

कॅमेरा दुरुस्तीला देताना कार्ड काढूनच द्या. दुरुस्तीसाठी दुकानदाराला आपल्या फोटोंची गरज नसते. कार्डातले फोटोच काढून घ्यायचे असतील तर ओळखीच्या माणसाकडे जा, शेजारी बसा, फोटो आपल्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर प्रत राहिली नाही ना, हे उठण्याआधी विचारून घ्या. यात संकोच कसला? चांगला दुकानदार याचे वाईट वाटून घेत नाही.

कृष्णामाईचे पाणी आणि आपले फोटो

आपल्या सांगलीकरांना फोटो जाण्याचे दुःख वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडले. अल्बम, कॉम्प्युटर, कॅमेरे सगळे चिखलात गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि त्याच वेळी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसे गेली. जीव वाचणे ही सर्वांत मोठी गोष्ट, यात शंका नाही. पण पाणी ओसरल्यावर भिंतीवरची रिकामी चौकट पाहून मन खचतेच.

भिजलेला कॅमेरा मिळाला तर तो चालू करून पाहू नका. बॅटरी आणि कार्ड काढा. कार्डाला चिखल लागला असेल तर ते स्वच्छ पाण्याने अलगद धुवा, कापडाने टिपा आणि सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्या. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. कार्डात हलणारा कुठलाच भाग नसतो, म्हणून पाण्यातून निघालेली कार्डेही अनेकदा वाचतात. कॅमेरा मात्र बहुधा जातो.

फोटो मिळाले, आता पुढे?

फोटो एकदा कॉम्प्युटरवर आले की कार्ड लगेच रिकामे करू नका. जाणकार लोक एक सोपा हिशेब सांगतात : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर आणि त्यातली एक प्रत घराबाहेर. एक प्रत कॉम्प्युटरवर राहू द्या, दुसरी पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर घ्या. तिसरी प्रत नदीपासून दूरच्या नातेवाइकांकडे द्या. सांगलीच्या घराची प्रत साताऱ्यात दिलेल्या लेकीकडे राहील आणि तिच्या घरची प्रत माहेरी येईल. दोन्ही घरे एकाच वेळी पाण्यात जाण्याची भीती फार कमी.

एवढे झाले की फोल्डरला नाव आणि साल द्या, आणि फोटोत कोण कोण आहे हे घरातल्या थोरांना विचारून लिहून ठेवा. मागच्या रांगेतल्या त्या फेटेवाल्या पाहुण्यांना आज फक्त नानी ओळखतात. हे काम एखाद्या रविवारी, त्यांना शेजारी बसवून करा.