दुरुस्तीला आलेली कांडी

हिंगणघाटच्या बाजारात दुरुस्तीच्या टेबलापाशी बसून माझी चाळीसहून अधिक वर्षे गेली. आधी घड्याळे आली, मग रेडिओ, आणि आता मोबाइल. गिऱ्हाईक वस्तू पुढे ठेवते, ‘जरा पाहून द्या’ म्हणते, आणि आम्ही पाहून देतो. वस्तू कशाला लागते हे विचारण्याचा आमच्या धंद्यात रिवाज नाही. गेल्या दिवाळीत मात्र तो रिवाज मला मोडावा लागला.

धनत्रयोदशीची संध्याकाळ होती. रस्त्यावर पणत्या-बत्ताशांची गर्दी, आणि माझ्या टेबलावर दिवाळीआधी हवेतच म्हणून आलेल्या मोबाइलांचा ढीग. एवढ्यात माझ्या जुन्या मित्राचा मुलगा आत आला. पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला, हुशार पोरगा. इकडे-तिकडे पाहत त्याने खिशातून बोटाएवढी एक चपटी, चकचकीत कांडी काढली.

“काका, हे जरा पाहून द्या ना. ओढलं तर दिवा लागते, पण वाफ येत नाही.”

मला आधी वाटले, नव्या तऱ्हेची सिगारेट असावी. “तंबाखूची आहे का?” मी विचारले. पोरगा घुटमळला. मग हलक्या आवाजात म्हणाला, “नाही. चरसचा अर्क आहे. पण एकदम शुद्ध, काका! यात कोणतंच रसायन घातलेलं नसते.”

‘शुद्ध’ हा शब्द त्याने अशा थाटात उच्चारला, की जणू तो घरचे तूपच दाखवीत होता!

मी कांडी भिंगाखाली धरली. तिची रचना मोठी साधी असते. एका टोकाला लिथियमची इवलीशी बॅटरी. मध्ये ओढ जाणवली की विजेचा प्रवाह सोडणारा संवेदक. आणि दुसऱ्या टोकाला चिनी मातीची बारीक भट्टी, तिच्यावर अर्काची कुपी. अर्क जळत नाही, तापून त्याची वाफ होते. हा अर्क काढण्याची रीतही पोरानेच मला समजावून सांगितली. भांगेच्या झाडाच्या फुलोऱ्यावर राळेचे सूक्ष्म थेंब असतात. ते बर्फाच्या पाण्यात ढवळून झाडून घ्यायचे, बारीक जाळीतून गाळायचे, सुकवायचे आणि तापलेल्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून त्यांचा रस काढायचा. कुठेही स्पिरिट नाही की गॅस नाही.

यात नवे ते काय? हिमालयाच्या पायथ्याशी लोक हिरवा फुलोरा तळहातांवर चोळून हाताला चिकटलेली राळ खरवडत आले आहेत. चरस म्हणतात तो तोच. तीही रसायनाशिवायच निघते!

मला आठवण झाली ती आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याची. हिंगणघाटची गिरणी १८८१ सालची. हा गडी तिथे साच्यावर होता. पाळी सुटली की वणेच्या काठी बसून तो चिलीम ओढी. मी तेव्हा शाळकरी पोर. ओढण्यापेक्षा त्याचा वेळ चिलमीच्या निगेतच जाई. आतला खडा काढून धुवायचा, चिंधीला पीळ देऊन नळी आरपार घासायची, छापी ओली करून पिळायची आणि मगच गुंडाळायची. एक मातीची चिलीम त्याने वर्षानुवर्षे वापरली. पण म्हणून त्याचे काही बरे झाले असे मात्र कुणी समजू नये. रात्र रात्र त्याच्या खोकल्याने आळी जागी राही, आणि पगाराच्या दिवशी त्याची बायको गिरणीच्या फाटकाशी उभी असे.

इंग्रजी अमलात आपला हा मुलूख मध्य प्रांतात होता. गांजाची लागवड सरकारी परवान्याने खांडव्याकडे होई आणि विक्रीही परवान्याच्या दुकानांतून चाले. १८९३-९४ साली सरकारने या विषयावर एक मोठे कमिशनच नेमले होते. अकराशेहून अधिक साक्षी घेऊन कमिशनने सांगितले की माफक सेवनाने फारसा अपाय दिसत नाही, अतिसेवन मात्र घातक आहे. पोराला हे ठाऊक होते. त्याने ते माझ्या तोंडावर फेकलेही. मी म्हटले, “बाबा, ते कमिशन चिलमीतल्या गांजाबद्दल बोलत होतं. त्यातला नशेचा अंश शेकडा काही टक्के. तुझ्या या कांडीत साठ-सत्तर टक्के, कधी त्याहून जास्त. माफक म्हणजे किती, हे या कांडीवर कुठे लिहिलंय ते मला दाखव!”

तो गप्प झाला.

मग मी कांडी उघडली. राळ थंडीत गोठते नि नळी बुजते. उन्हाळ्यात पातळ होऊन संवेदकात उतरते. इथे ती बुजली होती. पठ्ठ्याने ती टाचणीने कोरली होती, आणि एवढ्याने भागेना म्हणून देवघरातल्या निरांजनावर धरून तापवलीही होती! आतली बॅटरी चक्क फुगली होती. लिथियमची बॅटरी तापली किंवा तिला भोक पडले, तर ती पेट घेते. आणि ही कांडी तर ओठांशी धरायची वस्तू. जी वस्तू करणाऱ्यानेच फेकून देण्यासाठी केली, तिची निगा ती काय राखणार? राळ संपली की बॅटरीसकट सगळे उकिरड्यावर!

“आणि शुद्ध म्हणतोस, ते कशावरून?” मी विचारले. २०१९ साली अमेरिकेत अशाच नळ्या ओढणाऱ्यांची फुप्फुसे एकाएकी निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली होती. त्यांतले ६८ दगावले. अर्क पातळ करण्यासाठी त्यात ई जीवनसत्त्वाचे ॲसिटेट मिसळले जात होते, आणि मुख्य संशय त्यावरच आला. ओढणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. चोरट्या बाजारात डबीवरचे नाव हीच काय ती तपासणी!

आपल्याकडे तर ही वस्तू दोन कायद्यांत सापडते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात चरस आणि त्याचा दाट अर्क दोन्ही येतात. आणि २०१९ च्या कायद्याने असल्या विजेच्या नळ्यांची विक्री आणि साठवणसुद्धा बंद केली आहे. पण कायद्याचे नाव काढले तेव्हा पोरगा इतका दचकला नाही, जितका मी पुढचा प्रश्न विचारला तेव्हा दचकला.

“हिच्याशिवाय झोप येते का रे तुला?”

पोराचे डोळे भरून आले. “चार रात्री झाल्या, काका. डोळा लागला की भलतीच स्वप्नं पडतात. जेवण जात नाही. आईवर उगाच खेकसतो. म्हणूनच तर दुरुस्त करून पाहिजे होती.” वर्षभरात दोन विषय राहिले होते. घरी त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

मी त्याला चहा पाजला. ही वस्तू मी दुरुस्त करणार नाही, हे स्पष्ट सांगितले. झोप उडणे, चिडचिड होणे, हे सुटण्याच्या वाटेवरचेच त्रास. पहिला आठवडा जड जातो, मग ते ओसरू लागतात. पण एकट्याने सोसायची गरज नाही. सेवाग्रामच्या इस्पितळात मनोविकाराचे डॉक्टर आहेत. शिवाय १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

“बाबांना नका सांगू,” तो म्हणाला.

“मी नाही सांगणार. तू सांगशील. भाऊबीजेपर्यंत.”

पोरगा गेला. आपण चुकलो तर नाही, या विचाराने माझी मात्र लक्ष्मीपूजनाची रात्र तळमळत गेली. मित्राशी लपवाछपवी केल्याचे मनाला लागत होते; आणि पोराचा शब्द मोडला तर तो पुन्हा कुणाकडे जाईल, हेही कळत होते.

पाडव्याच्या दुपारी मित्र दुकानात आला. मनगटावरचे जुने घड्याळ काढून त्याने माझ्यापुढे ठेवले. मी कानाला लावले. ते उत्तम चालले होते.

“पोट्ट्यानं सारं सांगितलं,” तो म्हणाला. “मी हात उगारला होता. पण त्याची माय मधात आली.” बराच वेळ तो रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सोमवारी सेवाग्रामले चाललो. तू येतं का सोबत?”

मी दुकानाच्या दारावर सोमवारच्या सुट्टीची पाटी तिथेच लिहायला घेतली.