सातबारा कोणाच्या नावावर?

भागविक्रीचे माहितीपत्रक हाती आले की आपला सुशिक्षित मध्यमवर्गीय प्रथम किंमत पाहतो, मग नफा पाहतो, आणि भागांची रचना ज्या पानांवर सांगितलेली असते ती पाने उलटून पुढे जातो. ही उपेक्षा किती महाग पडू शकते, हे अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीच्या उदाहरणावरून ध्यानी यावे.

या कंपनीने एप्रिल २००० मध्ये आपल्या बिनतारी दूरध्वनी विभागाच्या नावाने ३६ कोटी भाग प्रत्येकी २९.५० डॉलर दराने विकले आणि सुमारे १,०६० कोटी डॉलर उभे केले. अमेरिकेच्या इतिहासातील तोवरची ही सर्वांत मोठी पहिली भागविक्री होय. परंतु विकले काय? तेथील परिभाषेत ज्यास ‘ट्रॅकिंग स्टॉक’ म्हणतात, ते. म्हणजे एका विभागाच्या कामगिरीचा केवळ माग घेणारा भाग. तो घेणारा बिनतारी विभागाचा मालक होत नव्हता. कायद्याने तो एटी अँड टीचाच भागधारक होता. विभागाच्या मालमत्तेवर त्याचा थेट हक्क नव्हता, विभागासाठी निराळे संचालक निवडण्याचा अधिकार नव्हता. मातृकंपनीने केबल कंपन्या खरेदी करताना केलेल्या कर्जाची छाया मात्र त्याच्यावरही पडत होती. पीक वाढेल तसा तुमचा वाटा वाढेल, पण सातबारा आमच्याच नावावर राहील, असा हा करार! कुळकायदा पाहिलेल्या महाराष्ट्रास याचा अर्थ अधिक फोडून सांगावयास नको.

कंपनीने काही लपविले होते असे नव्हे. सर्व अटी माहितीपत्रकात छापलेल्या होत्या. वाचल्या किती जणांनी, हा प्रश्न वेगळा. मुलाने स्वतंत्र बिऱ्हाड थाटले असे चारचौघांत सांगावे आणि किल्ल्या आपल्याच कमरेला ठेवाव्यात, अशातला हा प्रकार होता.

याच कंपनीने १९९६ साली यंत्रसामग्रीचा विभाग ‘ल्यूसंट’ या नावाने वेगळा काढला, तेव्हा एप्रिलमध्ये काही भाग २७ डॉलरने विकून सप्टेंबरअखेर उरलेले भाग आपल्या भागधारकांत वाटून टाकले. ती फारकत खरी होती. पुढे ल्यूसंटचीही वाताहत झाली हे खरे. रचना चोख असली म्हणून धंदा चोख चालतोच असे नाही.

बिनतारी विभाग जुलै २००१ मध्ये स्वतंत्र कंपनी झाला. पुढील घसरणीचा सारा दोष रचनेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण त्या काळात दूरसंचाराचा अवघा बाजारच कोसळला होता. तथापि पहिले चौदा महिने भागधारकांनी बाजाराचा धोका पूर्ण पत्करला आणि मालकी मात्र त्यांना मिळाली नव्हती. २००४ साली सिंग्युलर कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला, तेव्हा त्यांच्या हाती प्रत्येक भागामागे १५ डॉलर पडले.