लेखणी कीं कळफलक ?

गेल्या वर्षीं आमची पुतणी महाविद्यालयांत जाऊं लागली आणि घरांत एक लहानसा वाद उभा राहिला. व्याख्यानांचीं टिपणें वहींत लिहावींत, कीं लॅपटॉपवर टंकावींत ? आजोबांचा कौल अर्थातच लेखणीला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणानें होतो, याची त्यांनीं आठवण दिली. पुतणीचें म्हणणें असें कीं, प्राध्यापक भरभर बोलतात. हात मागें पडतो व निम्मा विषय निसटतो. अखेर लॅपटॉप आला. परंतु पहिल्या चाचणींत, अर्थशास्त्राचीं चाळीस पानें टंकून ठेविलेलीं असतांही, किंमत वाढली असतां मागणी कां घटते हें तिला स्वतःच्या शब्दांत मांडतां येईना. पोर रडकुंडीस आली.

आजोबांचा जय झाला असें वाटेल; पण निवाडा इतका सोपा नाहीं. मुलर व ओपनहायमर या अमेरिकन संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, टंकणाऱ्या विद्यार्थ्यांचीं टिपणें लांब, परंतु वक्त्याच्याच शब्दांनीं भरलेलीं आढळलीं. शब्दशः उतरूं नका, असें बजावूनही ती संवय सुटली नाहीं. तर्काच्या प्रश्नांत हातानें लिहिणारे सरस ठरले. कारण असें सुचविलें गेलें कीं, हात मंद असल्यामुळें मनाला निवड करावीच लागते, आणि ती निवड हाच अभ्यास होय. मात्र २०२१ सालीं इतर संशोधकांनीं तोच प्रयोग पुन्हां केला, तेव्हां टिपणांतील फरक दिसला. परीक्षेंतील फरक दिसला नाहीं.

पडद्यावरील प्रलोभनांचा धोका मात्र अधिक स्पष्ट आहे. कॅनडांतील २०१३ च्या एका प्रयोगांत, व्याख्यान चालूं असतां लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्यांचे गुण घटलेच. शिवाय ज्यांना त्यांचा पडदा दिसत होता, त्या मागच्या निरपराध विद्यार्थ्यांचेही घटले!

तेव्हां सारासार पाहतां असें दिसतें : गणितांतील सूत्रें, रसायनांतील रचना, भूमितीच्या आकृति यांस वहीच सोयीची. ज्यांच्या हातास व्यथा आहे त्यांना कळफलक हें वरदान आहे. त्यांत कमीपणा मानूं नये. इतरांनीं यंत्र वापरल्यास वर्गांत इंटरनेट बंद ठेवावें. पण टिपण कसेंही घेतलेलें असो, त्याच दिवशीं तें मिटून, काय ऐकलें तें आठवून पाहावें. पुनःपुन्हां वाचण्यापेक्षां आठवून पाहिल्यानें ज्ञान अधिक काळ टिकतें, हें रोडिगर व कार्पिके यांनीं २००६ सालीं प्रयोगानें दाखविलें आहे.

आमच्या घरीं आतां तह झाला आहे. पुतणी वर्गांत टंकते. सायंकाळीं लॅपटॉप मिटून व्याख्यानाचें सार वहीच्या एका पानावर लिहिते आणि आजोबांना समजावून सांगते. आजोबांच्या शंका कधीं कधीं फार अवघड असतात. एखादीचें उत्तर न आल्यास ती दुसऱ्या दिवशीं प्राध्यापकांना विचारून येते. दुसऱ्या चाचणींत मागणीच्या नियमाचें उत्तर तिनें तीन ओळींत लिहिलें, आणि त्या तीन ओळी तिच्या स्वतःच्या होत्या.