पुस्तक जागेवर, नोंद देशभर

कोलकात्याहून रेल्वेने काही तासांवर खरगपूर आहे. तिथल्या आयआयटीने उभारलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी देशाला खुले झाले. देशभरची पुस्तके, व्याख्याने आणि प्रश्नपत्रिका तिथे एकाच मोठ्या संगणकात भरून ठेवल्या आहेत, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिथे मुख्यतः नोंदी गोळा होतात: शीर्षक, लेखक, भाषा, विषय, साल, हक्क कोणाचे आणि मूळ जागेचा दुवा. पुस्तक किंवा चित्रफीत ज्या संस्थेची, तिच्याच भांडारात राहते.

अशा देवघेवीसाठी २००१ पासून ओएआय-पीएमएच नावाची नियमावली आहे. एक संगणक दुसऱ्याला विचारतो, ‘अमुक तारखेनंतर नवे काय आले?’ आणि उत्तरात फक्त नोंदी येतात. भांडार चालवणारी डीस्पेससारखी मोफत प्रणाली ही भाषा जाणते. त्यामुळे तालुक्याच्या महाविद्यालयालाही या जाळ्यात येता येते. यासाठी फार पैसा लागतो, हा समज खरा नाही. लागते ती नोंद नीट करणारी व्यक्ती.

फाइल चढवली की काम झाले, असे मानणारे इथेच चुकतात. एका भांडारात ‘पु. ल. देशपांडे’ आणि दुसऱ्यात ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’ असेल, तर संगणकाच्या लेखी ते दोन लेखक ठरतात. ‘नोट्स २’ नावाची फाइल तर कुणालाच सापडत नाही. ग्रंथपालाच्या या कामाला आपल्याकडे फार कमी मान मिळतो, याचे मला वाईट वाटते.

दिसते ते फुकट वापरता येते, हा समज सर्वांत घट्ट. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या लेखनाचे हक्क ५० वर्षांनी संपणार होते, पण कायद्यात मुदत ६० वर्षांची झाली आणि ते २००१ च्या अखेरीस संपले. आज त्यांचे मूळ बंगाली लेखन कोणीही भांडारात ठेवू शकतो. कालपरवा झालेला मराठी अनुवाद मात्र अनुवादकाचा. याउलट एनसीईआरटीने २०१३ मध्ये सुरू केलेल्या मुक्त शैक्षणिक साहित्याच्या भांडाराने क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना स्वीकारला. श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे चालू ठेवून शिक्षकाला त्या साहित्याचे भाषांतरही करता येते.

एकदा ऑनलाइन आले की कायमचे राहिले, असेही नाही. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या वेगळ्या संकेतस्थळावर हजारो जुनी मराठी पुस्तके होती. ते पुढे बंद पडले. त्यातली पुष्कळ पुस्तके आज वाचता येतात, कारण त्यांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर पोचल्या होत्या. नोंद शंभर ठिकाणी असली आणि मूळ फाइल एकच असली, तर ती गेल्यावर शंभर तुटके दुवे उरतात.

छापील पुस्तकाची एक प्रत १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावी लागते, शिवाय आणखी तीन ग्रंथालयांकडेही. प्राध्यापकाच्या व्याख्यानाची चित्रफीत अशी कोणी मागायला येत नाही. तिची दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवण्याची तजवीज महाविद्यालयालाच करावी लागते.